टोपणभर चहा

नंदनवन, नागपूर
१२ नोव्हेंबर १९७८

चि. आनंदा,

देवराव मामाचा जयभीम. आधीच सांगून ठेवतो, अक्षर माझं नाही. चष्म्याची काडी मोडली म्हणून तुझी मामी लिहून राहिली अन् मी खाटेवर बसून सांगून राहिलो. ती मधात आपली अक्कल घालंन, तिकडे ध्यान देऊ नको.

(मी काही घालत नाही. इंदू.)

पाह्य, घातली का नाही?

काम असं हाये गा, की मी रिटायर झालो तवा तू बनवून देल्लेलं इंजिन बिघडलं. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून तू ते केलं, पण जो पाहते तो म्हणते, देवराव, हे तं तुमचं नॅरोगेजचंच इंजिन, फक्त लहान झालं. आता ते नीट निंघत नाही. नॉब फिरवला की आधी जागचं हालत नाही, अन् मंग एकदम उडी मारते. मागचे डबे रुळाखाली. परवा रामाजी आला होता. माझा जुना फायरमन, तुले आठवत असंन, कोळसा कमी अन् गोष्टी जास्त टाकणारा. त्याच्यासमोर इंजिन टेबलावरून खाली पडलं. त्यानं ते उचलून परत रुळावर ठेवलं. बोल्ला असता तं बरं झालं असतं.

तुले इतवारीच्या शेडातला रिवाज माहीत हाये. नवा ड्रायव्हर पहिल्यांदा गाडी काढते तवा गार्डाच्या डब्यात काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवत. बशीत थेंब पडला तं त्यानं साऱ्या शेडले चहा पाजायचा. माझ्या वेळी लोक मुद्दाम पाहायले आले होते. म्हणत, या लोकाईनं कोळसा टाकावा, वाफ सोडायचा रेग्युलेटर यांच्या हातात कशाले? आपल्या वस्तीतून रेग्युलेटरले हात लावणारा मी पहिला. थेंब पडला नाही आनंदा. मंग तोच कप त्याईनं माझ्यासमोर केला अन् मी तिथंच उभ्यानं प्यालो.

म्हणून म्हणतो, दोष इंजिनात हाये. तू बिजलीचा माणूस, काहीतरी कर. शामलाले आशीर्वाद सांग.

देवराव मामा

(दुमडीत)
आनंदा, ते अंगणात गेले तवा लिहून राहिली. चष्म्याले काही झालं नाही. त्यांचा उजवा हात थरथरते. दाढी करताना गाल कापून घेतात, वरण सदऱ्यावर सांडते. धंतोलीच्या डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या, त्या घेतात, पण कोणाले सांगू देत नाहीत. पाव्हणे आले की हात मांडीखाली दाबून बसतात. इंजिन पडलं त्या दिवशी जेवले नाहीत. तुले काही करता आलं तं कर, पण मी सांगतलं म्हणू नको. तुह्यी मामी.


दीपनगर, भुसावळ
१७ डिसेंबर १९७८

ती. मामाजी आणि मामी,

जयभीम. मामींनी पाठवलेली लोणच्याची कृती मिळाली. नीट वाचली. तिखट आहे, पण आमच्या घरी जमेल असं वाटतं.

मामाजी, तुम्ही म्हणता तेच खरं. दोष इंजिनातच आहे, आणि तो माझा. मोटार मी जुन्या टेपरेकॉर्डरची लावली आणि कंट्रोलसाठी साधी गुंडाळलेली तार. त्यात करंट आधी पुरत नाही आणि मग एकदम धावतो. आता नवा डबा केला आहे, तो आमच्या कॉलनीतल्या गार्डसाहेबांबरोबर पाठवतो. स्टेशनावरून ते तुमच्या घरी पोचवतील.

डब्यात एक ट्रान्झिस्टर आहे आणि एक अंगठ्याएवढा निळा कंडेन्सर. कंडेन्सर म्हणजे रांजण समजा. तुमचा नॉब म्हणजे नळ. नळ कसाही सोडला तरी रांजण आपल्या गतीनंच भरतो, आणि मोटार पाणी पिते ते रांजणातलं. त्यानं मोटारीला धक्का बसत नाही, तिचं आयुष्य वाढतं. शिवाय दोन्ही टोकांना दिवे आणि डायोड पाठवले आहेत. डायोड म्हणजे करंटला एकाच बाजूनं जाऊ देणारं दार. गाडी पुढं निघाली की पुढचा दिवा लागेल, मागं घेतली की मागचा.

गेले कितीतरी दिवस आमच्या ओट्यावर रूळच मांडलेले होते. शामला म्हणते, आता मी पोळ्या मालगाडीत लाटू का?

एकच विनंती, डब्याचं झाकण उघडू नका. आतले सांधे नाजूक आहेत.

तुमचा आनंद


नंदनवन, नागपूर
२१ जानेवारी १९७९

चि. आनंदा,

जयभीम, जयभीम, जयभीम! तीनदा लिही म्हटलं तं मामी म्हणते शाई का फुकट येते?

अरे काय डबा पाठवला गा तू! मी नॉब फिरवला, अन् गाडी अशी निंघाली, अशी निंघाली, जशी माझी नागभीड पॅसेंजर. मले भरोसा वाटेना. मंग मी सोड्याच्या बाटलीचं टोपण घेतलं, सपाट डब्यावर ठेवलं अन् मामीले म्हटलं, चहा भर. काठोकाठ भर. गाडीनं साऱ्या टेबलाले चक्कर मारली. थेंब नाही! रामाजीले बोलावणं धाडलं. त्याच्यासमोर परत केलं. त्यानं टोपण उचललं अन् पिऊन टाकलं, म्हणे, देवा, तुह्या हातचा चहा अजून तसाच हाये.

आता तुले खरं सांगतो. मधात मले शंका आली होती की माझा हातच गेला. थोडा थरथरत होता. डॉक्टरनं नस का काय सांगतलं, गोळ्या देल्ल्या. मले त्याची भल्ली लाज वाटे, म्हणून तुले लिवलं नाही. जो हात पाहून लोकाईची तोंडं बंद झाली, तोच हात वरणाची वाटी धरू शकत नाही, हे कोणाले सांगू? पण आता समजलं, हाताले काही झालं नाही. त्याले रिकामं बसवलं म्हणून तो रुसला होता. त्याच्या कामावर लावला की ठिकाणावर येते. गोळ्या मी मोरीत टाकून देल्ल्या.

अन् हे लोणच्याचं काय प्रकरण हाये? या घरात वरसभर लोणचं नाही. मामीले विचारतो तं ती हसते.

देवराव मामा

(दुमडीत)
घरात शिट्ट्या वाजवून राहिले रे. कितीक दिवसानं. तुह्ये उपकार फेडू शकत नाही मी. पण गोळ्यांचं तू सांग, माह्यं ऐकत नाहीत. अन् हात थरथरतेच, टेबलावर नाही, ताटावर.


दीपनगर, भुसावळ
४ फेब्रुवारी १९७९

ती. मामाजी,

पत्र शामलाला मोठ्यानं वाचून दाखवलं. टोपणाची गोष्ट ऐकून ती हसली, मग माझ्याकडे बघत राहिली.

गोळ्या मात्र टाकू नका. डॉक्टरनं काही विचार करूनच दिल्या असतील. नव्या आणा, माझ्यासाठी म्हणून घ्या. हाताला काम आणि गोळी दोन्ही लागतं असं समजा.

सध्या शिट्टीवर काम करतो आहे. दोन ट्रान्झिस्टर आणि ट्रान्झिस्टर रेडिओचा एक फुटका स्पीकर मिळाला आहे. नॅरोगेजची शिट्टी कशी वाजायची, आधी बारीक आणि मग भरून, हे आठवून तसा आवाज काढतो आहे. तुम्ही ऐकून सांगा कुठं चुकतं ते. पुढच्या महिन्यात पाठवीन.

झाकण उघडलं नाही ना?

तुमचा आनंद


नंदनवन, नागपूर
११ मार्च १९७९

चि. आनंदा,

बस, आता खाली बस अन् मंग वाच.

इकडे कळमन्याच्या रस्त्यावर एका ट्रस्टनं पोट्ट्यांसाठी बाग काढली. त्याईनं मँगनीजच्या खाणीतलं एक जुनं वाफेचं इंजिन आणलं, बुटकं, पण खरं. मागं तीन उघडे डबे. साऱ्या बागेले चक्कर मारणार, चौदा एप्रिलपासून. आता वाफेचं इंजिन चालवणारा माणूस पाहिजे. डिझेलवाले पोट्टे त्याच्या जवळ जायले भेतात.

रामाजीनं माझं नाव सांगतलं! ट्रस्टचे मनोहरराव घरी आले. इस्तरीचं धोतर, हातात घड्याळ, मोठा माणूस. म्हणे, तुमची उमर झाली, हात कसा हाये? मी म्हटलं, हात तुम्हीच पाहा. टेबलावर गाडी लावली, टोपण भरलं, चक्कर मारली. मनोहरराव वाकून वाकून पाहत होते. थेंब नाही! त्याईनं हात जोडले अन् म्हणाले, आमची लेकरं तुमच्या हवाली.

ऐकलं का गा? लेकरं तुमच्या हवाली. जवा मी फायरमन होतो तवा आमच्या हातचं पाणी कोणी पेत नव्हतं.

आठ एप्रिलले, रविवारी, ट्रायल हाये. शेवटच्या डब्यात रामाजी भरलेला कप घेऊन बसणार. नवा खाकी शर्ट शिवायले टाकला. तू ये. शामलाले घेऊन ये.

देवराव मामा

(दुमडीत)
आनंदा, मले भीती वाटते. काय करू सांग.


दीपनगर, भुसावळ
१८ मार्च १९७९

ती. मामाजी,

तुमचं पत्र मिळालं. अभिनंदन लिहायला बसलो होतो, पण मला काही गोष्टी मनात येतात त्या सांगतो.

एप्रिलचं नागपूरचं ऊन आणि त्यात बॉयलरसमोर उभं राहणं, हे आता तुम्हाला झेपेल का? खाणीतलं इंजिन किती जुनं असेल, त्याची निगा कोणी राखली असेल, काही माहीत नाही. आयुष्यभर गाड्या ओढल्या, आता आरामात बसावं. ट्रस्टला दुसरा कोणी मिळेल. तुमचं नाव झालंच आहे, ते तसंच राहू द्यावं असं मला वाटतं.

टेबलावरची गाडी वेगळी आणि खरी वेगळी, हे तुम्हाला मी काय सांगणार.

शिट्टी तयार झाली आहे. पाठवू का?

तुमचा आनंद


नंदनवन, नागपूर
२४ मार्च १९७९

आनंदराव साहेबांस,

तुमचं पत्र पोचलं. टेबलावरची वेगळी अन् खरी वेगळी, हे मले शिकवलं, बरं केलं. पस्तीस वरसं मी काय टेबलावर होतो?

काहून रे? तुले लाज वाटते का? भुसावळच्या साहेबाचा मामा पोट्ट्यांची गाडी हाकते म्हणून कॉलनीत तुले खाली पाहावं लागंन? तसं असंन तं सरळ लिही. ऊन अन् बॉयलरचं नाव काहून घेतं? तुह्या मायच्या मागं, माह्या अंजनाच्या मागं, मी तुले इंजिनावर घेऊन फिरलो तवा मले कोणाची लाज वाटली नाही.

शिट्टी पाठवू नको. खऱ्या इंजिनाले शिट्टी असते.

देवराव

(हे साहेब-बिहेब मी लिहिणार नव्हती. त्याईनं जबरदस्तीनं लिहवलं. इंदू.)

(दुमडीत)
त्या गाडीत पोट्टे बसतील रे. परवा त्याईनं पाण्याचा गिलास धरला अन् तो दातावर खडखड वाजला. त्याईनंही ऐकलं अन् म्हणाले गिलासच वाकडा हाये. मी बायको, माह्यं कोण ऐकते? तूच सांग. आता माह्यं नाव घेतलं तरी चालंन.


दीपनगर, भुसावळ
२ एप्रिल १९७९

ती. मामाजी,

लाज वाटते हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण तुमची नाही, माझी.

दोष इंजिनात नव्हता. मोटार पहिल्या दिवसापासून चांगली आहे. तो निळा कंडेन्सर मोटारीसाठी नाही, तुमच्या हातासाठी आहे. तुमचा हात थरथरतो हे मला आधीच कळलं होतं. साध्या कंट्रोलवर तुमच्या हाताचा प्रत्येक झटका सरळ गाडीला लागायचा. या डब्यात तो रांजणात जिरून जातो. नॉब कोणीही, कसाही फिरवला तरी गाडी तशीच निघेल. तुमच्या टेबलावर वाटेल त्याला फिरवायला सांगा, टोपण सांडणार नाही.

हे कसं जमवलं तेही सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ओट्यावर रूळ मांडून मी माझा हात मुद्दाम थरथरवत होतो. तुमचा कसा थरथरत असेल त्याचा अंदाज करून. आणि गाडी शांत निघेपर्यंत मोठा मोठा कंडेन्सर लावत गेलो. शामला दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कोणाची नक्कल करताय?" मी आणखी मोठा कंडेन्सर शोधत राहिलो. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मामाजी, खरं सांगू? त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. सर्किट जमलं होतं ना.

तुम्ही खूश झालात, आणि मी गप्प बसलो. रामाजींनी टोपण उचलून चहा प्यायला, तेव्हाही गप्प बसलो. मनोहररावांनी लेकरं हवाली केली ती माझ्या डब्याच्या, आणि त्यांना वाटतं तुमच्या हाताच्या. मग मी तुम्हाला उन्हाची भीती घातली. तुमच्याशी खरं बोलायची हिंमत नव्हती म्हणून.

खऱ्या इंजिनात रांजण नसतो. वाफ आणि गाडी यांच्यामध्ये फक्त हात असतो, हे तुमचंच वाक्य. ते डबे उघडे आहेत आणि त्यात लहान मुलं बसणार आहेत. मामाजी, ती गाडी चालवू नका. मी पाया पडून सांगतो.

माझ्यावर विश्वास ठेवायचं आता काही कारण उरलं नाही. म्हणून झाकण उघडा. चार स्क्रू आहेत. निळ्या कंडेन्सरचा एक पाय कापा आणि गाडी चालवून पाहा.

आनंद


नंदनवन, नागपूर
१० एप्रिल १९७९

चि. आनंदा,

हे पत्र माह्यं एकटीचं हाये. दुमडीत लपून लिहायचं आता काही राहिलं नाही.

तुह्यं पत्र गुरुवारी आलं. त्याईनं वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, अन् म्हणाले, पेचकस कुठं हाये? स्क्रूवर पेचकस ठरेना. मी म्हटलं, द्या मी काढते, तं म्हणे दूर हो. बऱ्याच वेळानं झाकण निंघालं. निळ्याचा पाय कातरीनं कापला. टोपण स्वतः भरायले गेले, अर्धा चहा तं भरतानाच सांडला. नॉब फिरवला अन् पहिल्याच झटक्याले टोपण उडालं. परत भरलं. परत उडालं. चहा संपला तं पाणी घेतलं. मी थांबवलं नाही. काय तोंडानं थांबवू?

मंग खाली बसले अन् मले म्हणाले, इंदू, तुले माहीत होतं? मी म्हटलं, हाव. म्हणे, कवापासून? मी म्हटलं, पहिल्यांदा वरण सांडलं तवापासून. म्हणे, अन् तो लोणच्याचा निरोप? मी मान हालवली. त्याईनं टेबल पुसून काढलं.

मले वाटलं मनोहररावले निरोप धाडतील. नाही धाडला. रविवारी सकाळी खाकी शर्ट घातला, बटनं मी लावून देल्ली, अन् खाटेवर बसून राहिले. जीप आली. मनोहरराव अन् रामाजी उतरले. मंग हे एकदम उठले, दाराच्या मागं भिंतीले चिपकून उभे राहिले, अन् मले हळूच म्हणे, सांग, घरी नाहीत म्हणून.

आनंदा, जलमात हा माणूस कोणापासून लपला नाही. छप्पन साली दीक्षा घेतली म्हणून गावचे लोक अंगावर आले होते तवा ओट्यावर उभा राहिला होता. अन् परवा दारामागं.

मी उंबऱ्यावर उभी राहून सांगतलं, रातीच निरोप आला, गावाले जावं लागलं. मनोहररावचं तोंड उतरलं. पण रामाजीनं खाली पाहिलं. चपला तिथंच होत्या. रेल्वेचे जुने बूट कापून केलेल्या, साऱ्या नागपुरात तशी दुसरी जोडी नाही. मले वाटलं धरती फाटंन तं बरं. रामाजीनं माह्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, अन् मंग पायानं त्या चपला हळूच पायरीच्या आड सरकवल्या, मनोहररावले दिसू नये म्हणून. म्हणे, चला साहेब, गावालेच गेला असंन.

जीप गेली. हे फटीतून सारं पाहत होते. मंग खाली बसले अन् रडले रे. मी चाळीस वरसात पाहिलं नव्हतं. म्हणत होते, त्यानं चपला लपवल्या इंदू, त्यानं माह्या चपला लपवल्या.

तवापासून भिंतीकडे तोंड करून पडून हायेत. तुह्यावर राग हाये का माहीत नाही. माह्यावर तं हायेच.

तुह्यी मामी


दीपनगर, भुसावळ
१५ एप्रिल १९७९

ती. मामी,

तुमचं पत्र कितीदा वाचलं. मामाजींना काय लिहू हे सुचत नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो.

मला वाटत होतं मी त्यांची लाज झाकतो आहे. झाकून झाकून मी ती रामाजींपुढं नेऊन उभी केली. पहिल्याच पत्रात सरळ लिहिलं असतं की मामाजी, हात थरथरतो तर थरथरू द्या, मी तसा कंट्रोल करून देतो, तर ते चिडले असते, चार शिव्या दिल्या असत्या आणि डबा वापरला असता. दारामागं उभं राहायची वेळ आली नसती.

रजा मिळाली तर येतो. त्यांना तोंड दाखवायची हिंमत नाही, पण येतो. त्यांनी दार लावलं तर पायरीवर बसेन. शामला म्हणते, मी पण बसते.

तुमचा आनंद


नंदनवन, नागपूर
२२ एप्रिल १९७९

आनंदा,

हे अक्षर माझं हाये. कोंबडी चालून गेल्यावानी दिसते, पण माझं हाये. लागत नसंन तं शामलाले दाखव, बायकाईले लागते.

तुह्यावर राग हाये. अजून काही दिवस राहीन. लपवायले मीच तुले शिकवलं, चष्म्याची काडी मीच खोटी खोटी मोडली होती, हे मले समजते. तरी हाये.

चौदा तारखेले मी उठलो. इंदूले म्हटलं, चपला दे. बागेत गेलो. खूप माणसं, निळे झेंडे, पोट्टेच पोट्टे. इंजिनावर खाणीचाच एक म्हातारा ड्रायव्हर होता, हात लोखंडावानी. मी मनोहररावजवळ गेलो, लोकाईसमोर गेलो, अन् म्हटलं, साहेब, त्या दिवशी मी घरीच होतो. दारामागं होतो. टेबलावर तुम्ही पाहिला तो माझा हात नव्हता, माझा हात हा. अन् हात लांब करून दाखवला. तो थरथरत होता. मनात आलं मांडीखाली घालावा, पण उभ्या माणसाले मांडी कुठली? सारे पाहून राहिले. काही जण हसले. मनोहरराव हसले नाहीत, पण दुसरीकडे पाहिलं, ते जास्त लागलं.

मी घरी निंघालो तं रामाजी आडवा आला. म्हणे, देवा, गाडीले गार्ड नाही. मी म्हटलं, तू हो. म्हणे, मले कुठं गार्डाचं काम येते, मी कोळशावाला. अन् हिरवी झेंडी माह्या हातात कोंबली. उजव्या हातात.

शेवटच्या डब्यात उभा राहिलो. पोट्टे चढले, मी मोजले, एकाचा पाय बाहेर होता तो आत घेतला. मंग झेंडी वर केली.

झेंडी हालली, आनंदा. चांगली फडफडली. कोणीच हाताकडे पाहिलं नाही. झेंडी हालायलेच पाहिजे.

गाडी निंघाली. खाणीवाल्यानं झटका देल्ला, मी त्याले शिवी देल्ली. आता रविवारी-रविवारी जातो. गोळ्या परत आणल्या, धंतोलीचा डॉक्टर भल्ला बोल्ला मले.

तू ये. पायरीवर बसायचं नाटक करू नको, घरात खाट हाये. निळ्याचा पाय जोडून दे, पण बाहेरून एक खटका बसव. मनात आलं तं रांजणावर चालवीन, नाही तं माह्या हातावर. शिट्टी घेऊन ये. ती कुठं चुकली ते सांगतो.

देवराव मामा

(दुमडीत)
हे पत्र लिहायले त्याईले दोन दिवस लागले. आता रोज सांजच्याले रांजणाशिवायचीच गाडी चालवतात. टोपण रोज सांडते. मी म्हटलं, थोडं कमी भरू का? तं म्हणाले, काठोकाठ भर. मी भरते अन् फडकं घेऊन बाजूले बसते. इंदू.